आवाज अडतो कुठे?

आपल्या इमारतींच्या गच्चीवरून लोंबणाऱ्या काळ्या वायरी अलीकडे कमी होत चालल्या आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाल्याचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहायचा, तेही अनेक घरांतून बंद झालं. सेट-टॉप बॉक्स परत गेला किंवा माळ्यावर पडला. भिंतीवर मोठा टीव्ही आला, कोपऱ्यात राउटरचे दिवे लुकलुकायला लागले, आणि सिनेमे, मालिका, क्रिकेट सगळं इंटरनेटवरून घरात यायला लागलं. चित्र सुधारलं, यात वादच नाही. खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. पण ज्यांच्या घरी जावं, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चित्र झकास आहे हो, पण ते काय बोलतात ते कळत नाही."

मी नाटकाला ध्वनी देणारा माणूस. तीसेक वर्षं विंगेत बसून पावसाचे, रेल्वेचे, टेलिफोनच्या घंटीचे आवाज वेळेवर सोडत आलो. आमच्या धंद्यात एकच कसोटी असते. प्रयोगाआधी मी शेवटच्या रांगेत जाऊन बसतो आणि कुणाला तरी रंगमंचावरून साध्या आवाजात चार वाक्यं बोलायला लावतो. ती कळली तर ध्वनियोजना बरी, नाही तर पावसाचा आवाज कितीही खरा असो, उपयोग शून्य. या कामामुळे ओळखीचे लोक मला घरच्या टीव्हीसाठीही बोलावतात. तिथे गेल्यावर दिसतं ते असं, की पाच स्पीकरचा संच आहे, पैसे खर्च केलेले आहेत, पण आवाज वाटेत कुठे तरी अडलेला आहे.

आधी हे पाच स्पीकर कशासाठी असतात, ते पाहू. चित्रपटाचा आवाज पडद्यामागच्या एकाच भोंग्यातून न येता चहूबाजूंनी यावा, ही कल्पना जुनीच. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने १९४० साली तसा प्रयोग केला होता. आपल्याकडे १९७५च्या ‘शोले’च्या सत्तर एमएमच्या खेळात नाणं पडल्याचा आवाज आला की लोक खुर्चीखाली बघायचे, असं जुनी मंडळी अजून सांगतात. पुढे १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं, आणि ‘पाच पूर्णांक एक’ हा शब्द रूढ झाला. पाच म्हणजे समोर डावा, समोर उजवा, समोर मधला, आणि बाजूला, किंचित मागे, दोन. ‘एक’ म्हणजे ढगांचा गडगडाट आणि स्फोट ऐकवणारा तो पेटीसारखा सबवूफर.

या सहांत सगळ्यांत जास्त जाहिरात होते सबवूफरची. पाहुणे आले की यजमान तोच दाखवतात. माझ्या मते घरात सगळ्यांत मोलाचा असतो तो मधला. चित्रपटाचं मिश्रण करताना जवळजवळ सगळे संवाद मधल्या वाहिनीत ठेवतात. पात्र पडद्यावर आहे, म्हणून शब्दही पडद्याच्या मधून आले पाहिजेत, एवढं साधं कारण. संगीत डाव्या-उजव्यात पसरतं, पाऊस, गर्दी, पक्षी मागच्या दोघांत जातात. शब्दांना स्वतःची जागा मिळते. मधला स्पीकर मुका असेल तर तेच शब्द डाव्या-उजव्या स्पीकरवर वाटून टाकावे लागतात, आणि तिथे आधीच संगीताने ठाण मांडलेलं असतं. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसला की जे होतं, तेच शब्दांचं होतं.

केबलच्या काळात हा प्रश्न इतका जाणवला नाही, कारण अपेक्षाच कमी होती. बहुतेक वाहिन्या स्टिरिओ, म्हणजे दोनच वाटांचा आवाज द्यायच्या. काही एचडी वाहिन्यांनी पुढे जास्त वाटा दिल्या, पण बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल-पांढरी वायरच असेल तर त्या कुठून ऐकू येणार? ज्यांना हौस होती, त्यांनी डीव्हीडीचा होम थिएटर संच घेतला. त्याची रचना सोपी होती. तबकडी त्याच पेटीत फिरायची, आवाज त्याच पेटीत सहा वाटांना लागायचा, आणि टीव्हीकडे फक्त चित्र जायचं.

स्ट्रीमिंगने ही दिशा उलटी केली. आता सिनेमा जन्माला येतो तो टीव्हीच्या पोटात, तिथल्या अ‍ॅपमध्ये. म्हणजे सहा वाटांचा आवाजही टीव्हीतच तयार होतो, आणि त्याला टीव्हीतून बाहेर पडून मागे, ॲम्प्लिफायरकडे यावं लागतं. ही उलटी गंगा वाहावी म्हणून २००९ साली एचडीएमआयच्या जोडणीत एक सोय आली. तिला एआरसी म्हणतात, म्हणजे आवाजाची परतीची वाट. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात. त्यांतल्या बहुधा एकाच्याच शेजारी बारीक अक्षरांत ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. वायर त्याच भोकात आणि ॲम्प्लिफायरच्याही तशाच नावाच्या भोकात गेली पाहिजे. मी पाहिलेल्या घरांत निम्मी दुखणी इथेच असतात. वायर शेजारच्या भोकात खोचलेली असते, आणि घरातले म्हणतात, "जोडलंय की!"

बरोबर भोक सापडलं, तरी टीव्हीच्या आत एक फाटक असतं. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ नावाची ओळ असते, आणि बऱ्याच टीव्हींवर ती ‘पीसीएम’वर ठेवलेली असते. एआरसीच्या वाटेवर पीसीएम म्हणजे दोनच वाटा. ती ओळ बदलून ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ यांपैकी जे लिहिलं असेल ते निवडायचं. मग ॲम्प्लिफायरच्या काचेवर ‘डॉल्बी’ ही अक्षरं उमटली, की फाटक उघडलं असं समजा. ही अक्षरं पाहायची सवय लावून घ्या. विक्रेत्याच्या शब्दांपेक्षा ती जास्त खरी असतात.

संच जुना असेल, त्याला एचडीएमआयचं भोकच नसेल, तर चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल भोक शोधायचं. त्यातली वायर काचेच्या धाग्यासारखी असते, टोकातून लाल प्रकाश दिसतो. स्ट्रीमिंगवाल्यांचा नेहमीचा प्रकार डॉल्बी डिजिटल प्लस. तो या वाटेने जात नाही. पण साधं डॉल्बी डिजिटल जातं, आणि बरेच टीव्ही एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून देतात. म्हणजे सहा वाटा मिळू शकतात. ॲम्प्लिफायर नवा असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. स्ट्रीमिंगची काडी टीव्हीत न खोचता सरळ ॲम्प्लिफायरच्या एचडीएमआयमध्ये खोचा, आणि तिथून चित्र टीव्हीला द्या. आवाजाला परत फिरायची गरजच उरत नाही, जुन्या सेट-टॉप बॉक्ससारखी सरळ वाट होते. मला विचाराल तर मी हाच मार्ग सुचवतो. रिमोट एक वाढतो, हे मात्र खरं.

एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडे ‘५.१’ असं मोठ्या अक्षरांत छापलेले अनेक स्वस्त संच घरोघरी आहेत. त्यांतल्या पुष्कळांत डॉल्बी उलगडून दाखवणारं यंत्रच नसतं. मागे एकच लाल-पांढरी जोडी असते, आणि तोच दोन वाटांचा आवाज पाचही स्पीकरांत फिरवलेला असतो. सगळीकडून आवाज येतो, म्हणून माणूस खूश होतो. पण मागच्या स्पीकरातून नायिका बोलायला लागली, की समजावं, हे सराउंड नव्हे, ही गर्दी आहे.

आता साताऱ्याची गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू, आमचे दादा, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळं आयुष्य स्टँडवरच्या कर्कश भोंग्यातून गाड्यांचे नंबर पुकारण्यात गेलं. गेल्या वर्षी पुतण्याने पुण्याहून पंचावन्न इंची टीव्ही नेऊन बसवला, केबल काढून टाकली, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डीव्हीडीचा पाच स्पीकरचा संच माळ्यावरून काढून टीव्हीला जोडून दिला. हेतू चांगलाच होता. पण दोन महिन्यांत दादा जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन पडायला लागले. पूर्वी रात्री सगळे एकत्र सिनेमा बघत, तो रिवाज मोडला. घरात सगळ्यांचं ठरलं, की दादांचे कान गेले.

मी गेलो तेव्हा वहिनी मला ओट्याजवळ हळूच म्हणाल्या, "भावजी, त्यांना टीव्ही नको झालाय असं नाही. त्यांना सारखं ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ असं विचारायचं नाहीये. पोरं एकदा सांगतात, दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा म्हणतात, जाऊ द्या हो, काही विशेष नव्हतं."

कानाची तपासणी झालेली होती. वयानुसार वरच्या पट्टीतलं ऐकू येणं थोडं कमी झालं होतं. आता या ‘थोडं’चा अर्थ मराठी कानाला कसा लागतो, बघा. ताप, साप, काप, थाप. चारही शब्दांत ‘आ’ तोच, ‘प’ तोच. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि तो फरक वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांत असतो. स्वर दणदणीत ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतोय, शब्द कळत नाहीत." आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण त्याबरोबर पार्श्वसंगीतही वाढतं. मग मालिकेतल्या सासूच्या एंट्रीला घर हादरतं, आणि ती काय म्हणाली हे शेवटी कळत नाही ते नाहीच.

टीव्हीच्या मागे पाहिलं. पुतण्याने हेडफोनच्या भोकातून लाल-पांढरी वायर काढून संचाला दिली होती. संच ‘स्टिरिओ’वर होता. मधला स्पीकर जोडलेला होता, पण त्यातून चकार शब्द निघत नव्हता, आणि तोही शोकेसच्या खालच्या कप्प्यात, फोटोफ्रेमच्या मागे. संचाला ऑप्टिकलचं भोक होतं. राजवाड्याजवळच्या एका दुकानातून वायर आणली. टीव्हीतली ओळ पीसीएमवरून डॉल्बीवर नेली. मधला स्पीकर कप्प्यातून काढून टीव्हीच्या खाली कडेला आणला, आणि त्याच्या पुढच्या बाजूला दुमडलेल्या रबराचा तुकडा ठेवून तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वर केलं. संचातल्या टेस्ट टोनवर, म्हणजे तो प्रत्येक स्पीकरातून पाळीपाळीने ‘श्श्श’ करतो त्यावर, मधल्याचा आवाज इतरांपेक्षा दोन-तीन डेसिबलने चढवला.

मग एक मराठी चित्रपट लावला. इथे आणखी एक खाचखळगा असतो. एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवाजाच्या पट्ट्या सारख्या नसतात. अनेकदा मूळ भाषेतली पट्टी ५.१ असते आणि डब केलेली साधी स्टिरिओ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून भाषा निवडताना शेजारी ‘५.१’ लिहिलंय का, ते बघायचं. आमच्या चित्रपटाच्या पट्टीपुढे ते होतं. दादांनी दहा मिनिटं काही न बोलता ऐकलं. मग वहिनींना म्हणाले, "जरा तो पंखा एकवर करा गं." इतकंच. पण ते उठून आत गेले नाहीत, चित्रपट पुरा पाहिला.

वहिनींच्या मालिका स्टिरिओच येतात, त्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्या जुन्या संचांत ‘प्रो लॉजिक’ नावाचं बटण असायचं. डाव्या आणि उजव्या वाटेत जे सारखं असेल, बहुधा संवादच, ते ओळखून तो मधल्या स्पीकरकडे पाठवतो. नव्या ॲम्प्लिफायरमध्ये नावं बदलली, काम तेच. दादांच्या घरी मालिकांना ते बटण दाबलेलं असतं.

दादांनी पुढे कानाचं मशीनही घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं. स्पीकर हलवून कान बरे होत नाहीत. पण मशीन लावूनही जर मधला स्पीकर मुका राहिला असता, तर त्या मशीनने तीच गर्दी मोठी करून ऐकवली असती.

सगळा दोष घरातल्या वायरींवरही टाकता येत नाही. पूर्वी हिंदी चित्रपटांत संवाद बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत डब केले जात. माईकसमोर उभं राहून बोललेला प्रत्येक शब्द स्वच्छ असायचा. २००१च्या ‘लगान’ने चित्रीकरणाच्या वेळीच आवाज मुद्रित करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि नंतर ती रुळली. त्यामुळे अभिनय खरा वाटतो, हे मला मान्य आहे. पण नट पुटपुटायलाही लागले. नाटकवाला म्हणून मला त्याचा थोडा रागच आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाने पण तिकीट काढलेलं असतं! शिवाय आवाजाची मापंही ठिकठिकाणी वेगळी. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी उणे २७च्या आसपास मागतं, तर यूट्यूबवर ती उणे १४च्या आसपास येऊन बसते. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. म्हणून सिनेमा संपवून यूट्यूबवर भजन लावलं की ते अंगावर येतं. त्यात कुणाचंच यंत्र बिघडलेलं नसतं.

स्ट्रीमिंगचा आवाज मुळातच निकृष्ट, असंही काही हौशी मंडळी सांगतात. त्यांच्यासाठी आकडे देतो. डीव्हीडीवरचं डॉल्बी सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिटचं असायचं. नेटफ्लिक्सने २०१९ साली जाहीर केलं, की त्यांचा ५.१ आवाज जोडणीप्रमाणे १९२ ते ६४० किलोबिटच्या दरम्यान राहील. तोही डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, जो कमी बिटांत जास्त काम करतो. ब्लू-रेवरचा न दाबलेला आवाज यापेक्षा सरस, निःसंशय. पण तो फरक ऐकू यायला आधी खोली नीट हवी.

आणि आपली खोली कशी असते? खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचा, उरलेल्या तीन भिंती उघड्या, डोक्यावर पंखा. टाळी वाजवून बघा. टाळीनंतर ‘झण्ण’ असा शेपटीसारखा आवाज आला, तर प्रत्येक शब्दालाही तशीच शेपटी लागते आणि ती पुढच्या शब्दावर पडते. सतरंजी अंथरा, काचेवर जाड पडदा ओढा, पुस्तकांचं कपाट हॉलमध्ये आणा. तुमच्याकडे गाद्या-लोड असतील तर उत्तमच. नाट्यगृहात प्रेक्षक हेच आमचे पडदे असतात. रिकाम्या थिएटरात घुमणारा आवाज भरलेल्या थिएटरात आपोआप सुधारतो, हे कुठलाही बॅकस्टेजवाला सांगेल.

मागचे दोन स्पीकर लोक सोफ्याच्या मागच्या भिंतीवर, छताला टेकवून ठोकतात. आपला सोफा बहुधा मागच्या भिंतीलाच लागलेला असतो, तेव्हा ते बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे आणि कानापेक्षा फूटभर वर असावेत. सबवूफर कोपऱ्यात ढकलला की तो उगाच फुगतो. तिथून दोन फूट बाहेर काढला तरी गुरगुर कमी होते. आणि ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात असं झालं, किंवा उलट, तर ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ नावाची सेटिंग असते. ती पाच-दहा आकड्यांनी पुढेमागे करून पाहायची. त्याला मेकॅनिक लागत नाही.

ज्यांना वायरींचं जंजाळ नकोच, ते साउंडबार घेतात. हरकत नाही. मात्र दुकानात दोन गोष्टी विचारा. मध्ये स्वतंत्र स्पीकर आहे का, म्हणजे डबीवर ३.१ किंवा ५.१ असा आकडा आहे का? आणि एआरसी आहे का? २.१चा बार टीव्हीपेक्षा मोठा वाजेल, पण शब्दांना वेगळी जागा देणार नाही. अ‍ॅटमॉसचं नाव ऐकून भुलू नका. छतावरून येणारा पाऊस त्यात छान वाटतो, पण काही सेवा तो वरच्या वर्गणीतच देतात, आणि दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आधी समोरचा माणूस ऐकू आलेला बरा.

रात्रीचं तेवढं सांगून थांबतो. दहानंतर आवाज कमी केला की शब्द बुडतात, आणि वाढवला की खालचे जोशीकाका बेल वाजवतात. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये आणि बारमध्ये ‘नाइट मोड’ असतो. तो स्फोट खाली दाबतो आणि कुजबुज वर उचलतो. संगीताची मजा थोडी जाते. पण रात्री साडेदहाला संवाद कळतात आणि जोशीकाका झोपतात. सकाळी मात्र तो आठवणीने बंद करा, नाही तर दुसऱ्या दिवशी मॅच लावल्यावर षटकारालाही प्रेक्षक कुजबुजल्यासारखे वाटतील.